पहिले गिऱ्हाईक कोण होणार?

ज्यांना आज सर्वत्र ‘स्टार्टअप’ म्हणतात, ते नवे तंत्रोद्योग यशस्वी कशाने होतात, असे विचारले की उत्तर ठरलेले असते : भांडवल हवे, मोठे शहर हवे, ओळखीपाळखी हव्यात. हे उत्तर अगदीच खोटे नाही. परंतु तेवढेच खरे मानले, तर महाड-पोलादपूरच्या तरुणाने मुंबई-पुण्याची वाट धरावी, याखेरीज त्याचा दुसरा अर्थ उरत नाही. आम्हांस हे उत्तर अपुरे वाटते.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले आणि पुढे ते लोखंडी नांगराकडे वळले. लोखंडाने जमीन विषारी होते, या समजुतीपायी त्या नांगराला आरंभी गिऱ्हाईक मिळेना. बेळगावातील जागाही सोडावी लागली, तेव्हा औंधच्या अधिपतींनी जमीन व कर्ज दिले आणि १९१० साली उजाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आपल्या काळातील उदाहरण रहिमतपूरच्या कैलास काटकर यांचे. महाविद्यालयाची पायरी न चढलेल्या या गृहस्थांनी पुण्यात कॅल्क्युलेटर-दुरुस्तीचे दुकान घातले. दुरुस्तीस येणाऱ्या संगणकांना व्हायरसची बाधा झालेली त्यांना दिसे. बंधू संजय यांनी त्यावर उतारा तयार केला, आणि त्यातून वाढलेली ‘क्विक हील’ २०१६ साली शेअर बाजारात दाखल झाली. दोन्हीकडे आरंभी मोठे भांडवल नव्हते. डोळ्यांसमोरचे दुखणे होते, ते दूर करण्याची चिकाटी होती, आणि नव्या वस्तूवर विश्वास टाकून पैसा मोजणारे कोणी तरी पुढे भेटले.

महाड-पोलादपुरास दुखण्यांची वाण नाही. सावित्री महाबळेश्वराच्या डोंगरात उगम पावून पोलादपुरावरून महाडास येते व पुढे बाणकोटच्या खाडीस मिळते. घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस आणि खाडीला भरती अशी गाठ पडली की महाडच्या बाजारपेठेत पाणी शिरते. २२ जुलै २०२१ रोजी शहर बुडाले, त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली, आणि पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. २००५ च्या जुलैत दासगाव व जुई यांनी हेच भोगले होते. हवामान खात्याचा इशारा जिल्ह्याला मिळतो; कोणत्या वाडीवरचा कोणता उतार सरकतो आहे, हे त्यातून कळत नाही. ही हालचाल टिपणारे, आणि वीज व मोबाईल बंद पडले तरी वाडीत भोंगा वाजविणारे स्वस्त यंत्र ही येथील निकडीची गरज आहे.

ते करणार कोण? महामार्गावर लोणेरे येथे १९८९ साली स्थापन झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. महाडच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत. विद्या आहे, उद्योग आहे, गरज तर आहेच. उणीव आहे ती पहिल्या गिऱ्हाइकाची. राज्य सरकारने २०१८ पासून ‘स्टार्टअप सप्ताहा’तून निवडक नवउद्योगांना पंधरा लाख रुपयांपर्यंतची कामे देण्याचा पायंडा पाडला, तो म्हणूनच आम्हांस स्तुत्य वाटतो. तोच पायंडा तालुक्यापर्यंत का उतरू नये?

जिवाशी गाठ असलेल्या कामात पोरांचे प्रयोग नकोत, असे कोणी म्हणेल. ही शंका रास्त आहे. म्हणूनच असे यंत्र सरकारी इशाऱ्याच्या जागी नव्हे, तर त्याच्या जोडीस बसवावे, दोन पावसाळे त्याची नोंद ताडून पाहावी, आणि ते उणे ठरले तर दोष दाखवून सुधारण्यास अवधी द्यावा. मात्र या दोन वर्षांचे मोल द्यावे. स्पर्धेत मिळालेल्या ढालीवर कोणाचा धंदा चालत नाही; वेळेवर चुकत्या झालेल्या बिलावर चालतो.

महाडची नगरपरिषद, पोलादपूरची नगरपंचायत आणि तेथील कारखानदार यांनी एकत्र बसून पुढील पावसाळ्यापूर्वी अशी एक तरी मागणी लेखी नोंदवावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. ती पुरी करणारे तरुण लोणेऱ्यातच सापडतील, आणि त्यांतील काहींना तरी मुंबईची गाडी पकडावी लागणार नाही.