दोन टिंबं आणि ८०८०

वेब सर्व्हर दुसऱ्या पोर्टवर कसा चालवायचा, असं मला आजवर बऱ्याच जणांनी विचारलंय. उत्तर फार छोटं आहे. अपाचे वापरत असाल तर त्याच्या सेटिंगच्या फायलीत 'लिसन ८०' अशी ओळ असते. तिथे 'लिसन ८०८०' करायचं, खाली व्हर्च्युअल होस्टच्या ओळीत ८० दिसला तर तोही बदलायचा, फायरवॉलमध्ये नवा आकडा उघडायचा आणि सर्व्हर पुन्हा सुरू करायचा. झालं! पाच मिनिटांचं काम. पण पोर्ट बदलावा का, हे मात्र कोणी विचारत नाही. आमच्या घरात सध्या त्यावरूनच वाद चाललाय, म्हणून हा लेखनप्रपंच.

नातेवाइकांना माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगतो. ओतूरच्या घरी पडवीत एक जुना संगणक लिनक्स घालून ठेवलाय. त्यावर घराण्याचे कागद स्कॅन करून टाकलेत. आजोबांच्या कांद्याच्या हिशेबाच्या वह्या, लग्नांचे फोटो, वंशावळ, जुने सातबारे, वाटणीपत्रं. घरगुती जोडणीवर बाहेरून ८० वर येणारी वाहतूक आमची इंटरनेट कंपनी अडवते. म्हणून सर्व्हर ८०८० वर लावला. पत्त्याच्या शेवटी दोन टिंबं आणि ८०८० लिहिलं की पान उघडतं.

पोर्ट म्हटलं की आमच्या भागातल्या माणसाला बंदर आठवायचं. साहजिक आहे, नाणेघाटातून जुन्नरचा माल कल्याणच्या बंदराकडेच उतरायचा. पण लॅटिनमध्ये पोर्टुस म्हणजे बंदर आणि पोर्टा म्हणजे दार, आणि इथे मला दारच बरं वाटतं. एका यंत्राला अशा दारांचे आकडे ६५५३५ पर्यंत असतात, कारण त्या आकड्यासाठी १६ बिटांची जागा ठेवलेली आहे. साध्या वेबचं दार ८०, कुलूपबंद वेबचं ४४३. पत्त्यात आकडा लिहिला नाही तर ब्राउझर यांपैकीच एक धरून चालतो. श्रावणी सोमवारी कपर्दिकेश्वराला जाणारा माणूस गाभारा कुठे म्हणून विचारत बसत नाही, तसंच.

युनिक्सच्या जगात १०२४ च्या खालची दारं फक्त रूटला, म्हणजे यंत्राच्या मालकालाच उघडता येत. साध्या वापरकर्त्याला सर्व्हर चालवून पाहायचा तर वरचा आकडा घ्यावा लागे, आणि ८० सारखा दिसणारा ८०८० लक्षात ठेवायला सोपा. म्हणून तो रुळला. आकडा मनाला येईल तोही घेता येत नाही बरं का. ६००० निवडलात तर सर्व्हर खुशाल चालू होईल, पण ब्राउझर पान उघडायला साफ नकार देईल. २२, २५, ६००० अशी दुसऱ्या कामांची बरीच दारं ब्राउझरांनी सावधगिरी म्हणून बंद ठेवली आहेत.

असो. तर ठाण्याच्या आत्याचा फोन आला. "अरे, ते दोन टिंबं कुठं असतात मोबाइलवर? मी दिली तरी उघडंना." दहा मिनिटांनी उलगडा झाला. आत्याचा कीबोर्ड मराठीत होता आणि तिने दोन टिंबांच्या जागी विसर्ग दिला होता. दिसायला अगदी सारखा! 'दुःख'मधला विसर्ग तो, ब्राउझरला काय कळणार. पुतणीची तऱ्हा वेगळी. तिच्या कार्यालयाच्या नेटवर्कमधून फक्त ८० आणि ४४३ वर बाहेर जाता येतं, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत पणजोबांची वही बघावी म्हटलं तर बघता येत नाही. आणि जिथे पान उघडतं तिथे क्रोम वर 'सुरक्षित नाही' असं लिहितो. २०१८ पासून तो साध्या एचटीटीपीच्या सगळ्याच पानांवर तसं लिहितो, पण काकूंनी ते वाचून पान घाईघाईने बंद केलं.

मला यातली एकही चूक त्या तिघींची वाटत नाही. अडचण आमच्या जोडणीची, आणि तिचा भार आपण पाहुण्यांच्या डोक्यावर ठेवला. बरं, डीएनएसला सांगून भागेल म्हणावं तर नावावरून पत्ता देणाऱ्या साध्या नोंदीत पोर्ट लिहायला जागाच नसते. तशी सोय असलेली एसआरव्ही नावाची नोंद आहे, पण वेबसाठी ब्राउझरांनी ती कधी मनावर घेतली नाही.

आता खरा वाद. पुण्याचा धाकटा चुलतभाऊ म्हणतो, "दादा, ८०८० पण नको, एखादा विचित्र पाच आकडी नंबर घे. कोणाला सापडणारच नाही. मग पासवर्ड कशाला? म्हाताऱ्या माणसांना पासवर्ड लक्षात राहत नाहीत." त्याच्या बोलण्यात तथ्य नाही असं नाही. आकडा बदलला की आपोआप दारं ठोठावत फिरणाऱ्या प्रोग्रॅमांचा त्रास खूप कमी होतो, सर्व्हरच्या नोंदवहीतला कचरा घटतो. पण सापडणारच नाही हे मला मुळीच पटत नाही. २०१३ साली मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचं साधन काढलं. एका साध्या सर्व्हरवरून, चांगली जलद जोडणी असेल तर, सगळ्या आयपीव्ही४ जगाचं एक दार पाऊण तासाच्या आत तपासून होतं. मग आपल्या एका घराची पासष्ट हजार दारं म्हणजे किती वेळाचं काम, हिशेब करा.

त्या संगणकावर नुसते लग्नाचे फोटो असते तर मी वाद घातला नसता. पण वाटणीपत्रांवर सह्या आहेत, अंगठे आहेत, गट नंबर आहेत, हयात माणसांचे पत्ते आहेत. ज्या जमिनीवरून दोन पिढ्या एकमेकांशी बोलत नव्हत्या त्या जमिनीचे कागद आहेत. ते परसदारी ठेवून, दाराला कडीही न लावता, "परसदार कोणाला माहीत आहे?" म्हणणं मला जमणार नाही. विचित्र आकड्यामुळे आत्या तेवढी बाहेर राहील, चोर राहणार नाही.

म्हणून मी उलटं करतोय. बाहेर एक लहानसं यंत्र भाड्याने घेतलंय. तिथे एनजिनएक्स ८० आणि ४४३ वर उभा राहील आणि आलेल्याला वायरगार्डच्या बोगद्यातून ओतूरच्या ८०८० कडे पाठवील. पडवीतला संगणक आहे तिथेच, आहे त्याच आकड्यावर. ज्यांच्या जोडणीला स्वतःचा सार्वजनिक पत्ताच नसतो, एका पत्त्यामागे कित्येक घरं असतात, त्यांना तर आकडा बदलून काहीच मिळत नाही. त्यांनाही ही वाट चालते, कारण बोगदा घरातून बाहेर खणलेला असतो. लेट्स एन्क्रिप्टचं फुकट प्रमाणपत्रही सरळ मिळतं. त्यांची नेहमीची तपासणी ८० वरच येते, ८०८० वर बसलं की डीएनएसच्या नोंदीतून वेगळी खटपट करावी लागते. भाडं दर महिन्याला जाईल हे खरं. चुलतभावाने तेही ऐकवलं :)

फोटो आणि वंशावळ घरातल्या सगळ्यांसाठी एका सोप्या पासवर्डावर. जमिनीच्या कागदांना प्रत्येकाचा वेगळा, आणि तो मी फोनवर सांगणार नाही, भेटीत देईन. विसरलात तर पुन्हा देईन, चिडणार नाही. राउटरवरचं ८०८० चं दार दिवाळीपर्यंत उघडं राहील, पण तिथे फक्त नवा पत्ता सांगणारं एक पान असेल. आत्या, तुला त्यात टिंबं द्यावी लागणार नाहीत.