बंद दाराआडची करुणा

गावात दंग्याची वार्ता पसरू लागली की आम्हां बृहन्महाराष्ट्रीयांच्या वस्तीत एक वाक्य हमखास कानी पडते : "आपण बाहेरची माणसे, या भांडणात आपल्याला काय करावयाचे?" आणि दाराला कडी घातली जाते. यास शहाणपण म्हणण्याची आमच्यात रीत पडून गेली आहे. ज्या गावाने आम्हांस पिढ्यान् पिढ्या अन्न दिले, त्या गावाशी ही उघड कृतघ्नता होय, असे आमचे मत आहे. स्वतःला वगळून आम्ही हे लिहीत नाही. कडी आमच्याही दाराला आहे.

परंतु याच बृहन्महाराष्ट्रात अहमदाबादचे वसंतराव हेगिष्टे होऊन गेले. १ जुलै १९४६ रोजी, रथयात्रेच्या दिवशी, त्या शहरात दंगल पेटली. वसंतराव आणि त्यांचे सहकारी रजब अली लाखाणी हे काँग्रेस सेवादलाचे कार्यकर्ते. एक मराठी घरातला हिंदू, दुसरा खोजा घरातला मुसलमान. खवळलेल्या जमावास आवरण्यासाठी दोघे निःशस्त्र पुढे गेले आणि जमालपूर भागात मारले गेले. "मी बाहेरचा" असे म्हणून वसंतराव घरी बसते, तर त्यांना कोणी नाव ठेवले नसते. त्या वाक्याची सारी सोय ती हीच!

व्यवहारी मंडळी विचारतील : "त्यांच्या मरणाने दंगल थांबली काय?" तेथल्या तेथे थांबली नाही, हे आम्ही लपवीत नाही. पण पलीकडचा प्रत्येक जण आपला वैरी, या एकाच गृहीतावर दंगल जगते. ते दोघे एकमेकांसाठी उभे राहून मेले, तेव्हा ते गृहीत अहमदाबादच्या भर रस्त्यात खोटे ठरले.

शिवाय करुणा प्रत्येक वेळी हरतेच, असेही नाही. १९४७ च्या सप्टेंबरात कलकत्त्यात दंगल पुन्हा उसळताच गांधीजींनी १ तारखेस उपवास आरंभिला. शहर शांत झाले, लोकांनी शस्त्रे आणून दिली आणि ४ तारखेस उपवास सुटला. पण तो सोडण्यापूर्वी गांधीजींनी निरनिराळ्या समाजांच्या पुढाऱ्यांकडून हमी मागितली ती अशी, की पुन्हा आग लागल्यास ती विझविण्यासाठी ते आपले प्राण वेचतील. केवळ हळहळणाऱ्या करुणेवर त्यांचा विश्वास नव्हता.

पोलीस नकोत, असे आमचे म्हणणे नाही. परंतु पोलीस येतात ठिणगी पडल्यावर. अफवा त्याआधीच आमच्या ओट्यावर येऊन बसलेली असते. तिला तेथेच अडविणे, शेजारच्या भ्यालेल्या घराचे दार ठोठावून "आम्ही आहोत" असे सांगणे, आपल्याच मुलाच्या हातातली काठी काढून घेणे, ही कामे कोणते पोलीस ठाणे करणार?

आमच्या मंडळांचे समारंभ पसायदानाने संपतात. ज्ञानेश्वरांनी तेथे दुष्टांचा नाश मागितला नाही. त्यांचा दुष्टपणा तेवढा जावो, असे मागितले. सभागृहात हात जोडून हे मागणे सोपे आहे. जमाव ज्या रस्त्याने येतो, त्या रस्त्यावर तेच मागणे घेऊन उभे राहणे, ही श्रद्धेची कसोटी. तेवढे बळ आमच्या अंगी नसेल, तर निदान दाराची कडी काढून ठेवावी. कोणी आसऱ्याला धावत आला, तर त्यास ते उघडे सापडेल.