हडळ कोण, आणि घाबरायचे कुणाला?

पोटुशी असताना किंवा बाळंतपणात मेलेली बाई हडळ होते, असे आपल्याकडे पिढ्यानपिढ्या सांगितले जाते. म्हणजे जिचा जीव गेला तीच भीतीचे कारण, आणि ज्यांच्यामुळे गेला ते मात्र घरंदाज! भयपटांचा धंदा याच समजुतीवर चालत आला आहे.

विशाल फुरिया यांच्या 'लपाछपी'ने (२०१७) ही चौकट हलवली. उसाच्या फडातले एकाकी घर, त्यात अडकलेली गरोदर नेहा, आणि भुताटकीच्या मुळाशी 'मुलगी नको' हा हट्ट. २०२१ मध्ये त्याचाच हिंदी अवतार 'छोरी' आला. या सिनेमाचे दोन अर्थ लावता येतात. एक, बाई घाबरून बसत नाही, लढते. म्हणून तो बाईच्या बाजूचा. दुसरा, क्रूर दाखवली ती तुळसाबाईच. म्हणजे 'बाईच बाईची वैरीण' हा जुनाच माल.

आम्हाला दोन्ही अर्थ अपुरे वाटतात. का, ते आमची परळी सांगते.

२०१२ मध्ये परळीत डॉ. सुदाम मुंडे यांच्या दवाखान्यात गर्भपात करताना एका विवाहितेचा मृत्यू झाला. फेब्रुवारी २०१९ मध्ये बीडच्या न्यायालयाने डॉ. सुदाम व डॉ. सरस्वती मुंडे यांना दहा वर्षांची शिक्षा सुनावली. मृत महिलेचा नवराही दोषी ठरला. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा १९९४ चा. तरीही बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे २००१ मध्ये ८९४ मुली होत्या, त्या २०११ मध्ये ८०७ वर आल्या.

इथे कुठे अमावस्या होती? कुठे उलटे पाय होते? इथे सोनोग्राफीचे मशीन होते, वैद्यकीय पदवी होती, हुंड्याचा हिशोब होता आणि वंशाच्या दिव्याचा हव्यास होता. एकटी खाष्ट सासू एवढा कारभार करू शकत नाही.

बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिविषयक निबंधात हेच वर्म दाखवले. जात टिकवायची तर बाईवर ताबा हवा. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह ही त्याचीच साधने. विधवेला 'जास्तीची' ठरवून संपवणारी व्यवस्था आज पोटातल्या मुलीलाही जास्तीची ठरवते. पुढे हिंदू कोड बिलातून बाबासाहेबांनी मुलीला वारसाहक्क देऊ पाहिला, तेव्हा कडाडून विरोध झाला, तो उगाच नव्हे.

म्हणून मित्रांनो, भयपट जरूर पाहा. पण नायिका शूर की भित्री एवढ्यावर चर्चा थांबवू नका. मुलगी नको असण्यात फायदा कुणाचा, जमीन कुणाच्या नावावर राहते, डॉक्टर आणि नवरा चौकटीबाहेर का ठेवले, हे विचारा. भुताला पळवायला मांत्रिक बोलावतात. या व्यवस्थेला पळवायला मुलींची नावे सातबाऱ्यावर लागली पाहिजेत. सुरुवात आपल्या घरातून करू.

जय भीम!