बिंदुसरेच्या काठी बिंदू

अमूर्त चित्रासमोर किंवा शिल्पासमोर उभे राहिले की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: हे नेमके कशाचे आहे? प्रश्न प्रामाणिक आहे आणि तो विचारणाऱ्याला अडाणी ठरवून अमूर्त कलेचे नुकसानच झाले. मात्र बीडकरांनी तो विचारण्याआधी परळीच्या वैजनाथाचा गाभारा आठवावा.

तिथल्या लिंगाला चेहरा नाही, हातपाय नाहीत. काळ्या दगडाचा गुळगुळीत उंचवटा आहे. स्पर्शदर्शनाची प्रथा असल्याने भाविक वाकतो, ओला तळहात दगडावरून फिरवतो आणि त्याचा थंडावा, त्याची गोलाई हाताला कळते. हे कशासारखे दिसते, असे तिथे कोणी विचारत नाही. अंबाजोगाईची योगेश्वरीही तांदळा रूपातली. शिवेवरचा म्हसोबा तर तेल-शेंदराची पुटे चढलेला दगडच. अर्थात या रूपांच्या पाठीशी श्रद्धा आहे, पिढ्यांचा सराव आहे. कलादालनातल्या कलाकृतीला तो आधार नसतो. आकार, रंग आणि पोत एवढ्याच्याच बळावर तिला पाहणाऱ्याला थांबवावे लागते.

चित्रकार सय्यद हैदर रझा यांनी आयुष्यभर हाच प्रयत्न केला. 1922 साली मध्य प्रदेशात जन्मलेले रझा नागपूरच्या कलाशाळेत आणि मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकले. 1948 मध्ये काश्मीरला भेटलेल्या आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराने त्यांची चित्रे पाहून, त्यांत बांधणी कमी आहे, सेझान या फ्रेंच चित्रकाराचा अभ्यास करा, असे सुचवले. दोनच वर्षांत फ्रेंच शिष्यवृत्तीवर रझा पॅरिसला गेले. 1956 मध्ये तिथल्या समीक्षकांचा पुरस्कार त्यांना मिळाला. चित्रांतली घरे, झाडे, देवळे हळूहळू रंगात विरघळत गेली. ज्यानीन माँजिला या फ्रेंच कलावतीशी त्यांनी लग्न केले आणि अनेक दशके तिथेच काढली.

एवढे सगळे करून ते पोहोचले कुठे? बिंदूपाशी. लहानपणी शाळेत त्यांचे मन थाऱ्यावर नसे, तेव्हा गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे पाहत बसायला सांगितले होते. तोच ठिपका पुढे त्यांच्या चित्रांचा काळाभोर गाभा झाला. आमच्या मते उत्तरायुष्यातल्या त्यांच्या काही चित्रांत हा बिंदू नुसता शिक्क्यासारखा उमटतो. पण 1980 च्या सुमाराच्या चित्रांत त्या काळ्या वर्तुळाभोवती तांबडा आणि पिवळा असे तापलेले दिसतात की नजर हलत नाही. 2010 मध्ये रझा भारतात परतले, 2016 मध्ये गेले. 2023 मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्राने त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरवले.

हा बिंदू आपल्यापासूनही दूर नाही: बीडमधून वाहणाऱ्या नदीचे नाव बिंदुसरा आहे आणि पाण्याने वेढलेले कंकालेश्वराचे दगडी देऊळ याच शहरात आहे. आपल्या शाळांत मात्र चित्रकला म्हणजे एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी, असेच समीकरण झाले आहे. त्या परीक्षा हव्यातच, हात त्यांनीच घडतो. डोळा घडवण्यासाठीही थोडा वेळ काढावा. चित्रकलेच्या शिक्षकांना आमची विनंती आहे: येत्या सत्रात एक दिवस मुलांना कंकालेश्वराला न्या. देवळाचे चित्र काढायला सांगू नका. एकच दगड निवडून त्याच्याकडे अर्धा तास पाहू द्या, त्यावर हात फिरवू द्या आणि मग कोरा कागद त्यांच्यापुढे ठेवा.