तिसरी पिन

जुन्या गिटार ॲम्पचं हमिंग घालवायचा एक रामबाण उपाय आपल्याकडे सर्रास सांगितला जातो. प्लगची वरची जाड पिन काढून टाका, नाहीतर आतली हिरवी वायर तोडा. की हमिंग बंद! दहा मिनिटांचं काम. या उपायाबद्दल आज जरा तावातावानं लिहिणार आहे. सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे हा उपाय पुष्कळदा लागू पडतो. लागू पडतो म्हणूनच तो पसरतो.

निमित्त सांगतो. मिरजेच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून मी एक जुना ॲम्प घेतला आणि साताऱ्याला आणला. आवाज छान, गोल, भरीव. पण स्विच दाबला की मागे अखंड घूंऽऽऽ. दुरुस्तीला दिला तर उत्तर आलं, "सायेब, अर्थिंगचा लफडा हाय ह्यो. कट करून टाकतो." मी म्हटलं, नको. "आवो समदे ऑर्केस्ट्रावाले असंच वापरत्यात. काय होत न्हाय." दुकानाचं नाव सांगण्यात हशील नाही, कारण नंतर सातारा आणि सांगली मिळून आणखी दोघांना विचारलं, त्यांनीही हेच सांगितलं. एखादाच माणूस असं म्हणाला असता तर लेख लिहायची गरज नव्हती.

आता ही तिसरी पिन करते काय? रोजच्या वापरात काहीच नाही. तिच्यातून करंट वाहत नाही. ॲम्पची पत्र्याची बॉडी ती जमिनीशी जोडून ठेवते आणि वर्षानुवर्षं गप्प बसते. पण एखाद्या दिवशी आतली फेजची वायर सुटून पत्र्याला टेकली, ट्रान्सफॉर्मरचं इन्शुलेशन जळलं, तर तो करंट माणसातून न जाता तिच्यातून जमिनीत जावा आणि फ्यूज उडावा, एवढ्यासाठी ती आहे. म्हणून तर ती इतर दोन पिनांपेक्षा लांब असते. प्लग खुपसताना सगळ्यात आधी लागते आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटते. ज्यानं हे ठरवलं त्याला काहीतरी कळत होतं, असं मानायला हरकत नसावी!

गिटारवाल्याची गत तर फ्रिज-मिक्सर वापरणाऱ्यापेक्षा वाईट. गिटारच्या तारा केबलच्या जाळीतून थेट ॲम्पच्या बॉडीशी जोडलेल्या असतात. म्हणजे बॉडीला करंट उतरला की तो तारांना उतरला. डावा हात त्या तारांवर. समोर माइक, तो मिक्सरमार्फत अर्थ झालेला, आणि ओठ माइकला टेकलेले. एका टोकाला २३० व्होल्ट, दुसऱ्या टोकाला जमीन, आणि मधली वायर म्हणजे तुमची छाती. घामेजलेल्या माणसाचा रोध हजार ओहमच्या घरात धरला तर २३० मिलिॲम्पिअर होतात. हृदयाची लय बिघडायला त्याच्या निम्मेही पुरतात.

ही भीती काल्पनिक नाही. ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वान्सी इथे 'स्टोन द क्रोज' या बँडच्या लेस्ली हार्वीनं गिटार हातात असताना माइकला हात लावला आणि तो स्टेजवरच गेला. वय २७. अर्थिंग धड नव्हतं. १९७६ साली 'यार्डबर्ड्स'चा गायक कीथ रेल्फ घरात इलेक्ट्रिक गिटार वाजवताना शॉक लागून गेला. आणि विलायतेपर्यंत कशाला जायचं? आपल्याकडे शेतकरी मोटरच्या स्टार्टरच्या डब्याला आधी उलटा हात लावून बघतो. का, ते सांगायला नको. ज्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी आहे, जिथे शंभर वर्षं पंप बनताहेत, तिथे "अर्थिंग नसलं तरी काय होतंय" हे वाक्य ऐकलं की डोकं फिरतं.

बरं, पिन काढल्यावर हमिंग जातं ते का? ॲम्प एका सॉकेटवर, मिक्सर दुसऱ्या. दोन्ही अर्थ केलेले, आणि वर एका केबलनं एकमेकांना जोडलेले. दोन सॉकेटच्या अर्थमध्ये थोडा जरी फरक असला तरी केबलच्या जाळीतून करंट फिरत राहतो आणि तो ॲम्पला ऐकू येतो. याला ग्राउंड लूप म्हणतात. पिन तोडली की फेरा तुटतो, आवाज थांबतो. पण फेरा तोडायचे दुसरे मार्ग आहेत की! दोन्ही वस्तू एकाच बोर्डवर लावा. निम्म्या वेळा तेवढ्यानंच भागतं. नाही भागलं तर मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स टाका. त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण फक्त सिग्नलच्या केबलची जाळी सोडवतं, जीव वाचवणारं अर्थिंग जागेवर राहतं.

शिवाय प्रत्येक हमिंग लूपचं नसतंच. तपासणं काही अवघड नाही. गिटारची केबल काढा, मिक्सरची काढा, व्हॉल्यूम शून्यावर आणा. तरी घूं चालूच? मग दोष पॉवर सप्लायमध्ये आहे, बहुधा फिल्टर कपॅसिटर सुकलेत. आपली वीज ५० हर्ट्झची, रेक्टिफायर तिचे १०० करतो. १०० हर्ट्झ म्हणजे पेटीवरच्या पांढरी पाचच्या खर्जापेक्षा किंचित चढा सूर. कान असलेल्याला लगेच ओळखता येतो. केबल लावल्यावरच आवाज वाढत असेल तर केबलची जाळी तुटलेली असेल किंवा जॅकचा सोल्डर सुटलेला. गिटार घेऊन गोल फिरल्यावर आवाज कमी-जास्त होतो? मग पिकअप आजूबाजूचा कचरा पकडताहेत, ट्यूबलाइटची चोक बघा. तारांना हात लावल्यावर आवाज कमी झाला तर ठीक, ते शील्डिंगचं काम आहे. पण हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर तिथेच थांबा, मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा.

माझ्या ॲम्पमध्ये दोन कपॅसिटर सुकले होते आणि जॅक ढिला होता. सांगलीतल्या एका जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांनी दोन्ही बदलले. सुट्या भागांचा खर्च दोन मिसळींएवढा. (घरी स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो आणि व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये तो शेकडो व्होल्टचा असतो.) अर्थिंगचा या सगळ्याशी संबंधच नव्हता! पिन तोडली असती तरी सुकलेले कपॅसिटर सुकलेलेच राहिले असते.

आता समोरच्यांचा एक मुद्दा मात्र खरा आहे, तो टाळत नाही. "अवो, गावाकडं सॉकेटला अर्थिंगच नसतंय, मग पिन ठेवून काय उपेग?" बरोबर. भोकं तीन आणि वायरी दोन, असे बोर्ड मी ढिगानं बघितलेत. काही वायरमन तर तिसऱ्या भोकात न्यूट्रलच जोडून मोकळे होतात. टेस्ट लॅम्प झकास पेटतो, मालक खूश. आणि मागे कुठे न्यूट्रल तुटला की सगळ्या पत्र्याच्या वस्तूंना फेज उतरतो. जिथे खरंच खड्डा घेऊन पाइप पुरलाय, मीठ-कोळसा घातलाय, तिथेही जमीन जमीनच असते. कृष्णाकाठची काळी माती ओल धरते, तिथे अर्थिंग चांगलं लागतं. माण-खटाव, जत-आटपाडीकडे खाली मुरूम आणि कातळ, एप्रिल-मेमध्ये ठणठणीत कोरडा. तिथे रोध ५० ओहम निघाला तर २३० भागिले ५०, म्हणजे साडेचार ॲम्पिअरच्या आसपास करंट. त्यानं सहा ॲम्पिअरचा एमसीबीसुद्धा पडणार नाही!

पण यावरून निष्कर्ष काय काढायचा? पिन निरुपयोगी, हा? की खड्ड्यात पाणी घालायला हवं, परवाना असलेल्या माणसाकडून अर्थिंग मोजून घ्यायला हवं आणि बोर्डात ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी बसवायला हवी, हा? आरसीसीबी तीस हजारांशांवर पडते, तिला साडेचार ॲम्पिअरची वाट बघावी लागत नाही. हजारांच्या लायटिंगसाठी वर्गणी काढणाऱ्या मंडळांना ती परवडत नाही, हे मला कुणी सांगू नये.

आणि दुसरं असं की ॲम्प एका गावात राहत नाही. आज तासगावच्या गणपतीत, उद्या पुसेगावच्या यात्रेत, परवा विकला जाऊन तिसऱ्याच पोराच्या हातात. तोडलेली पिन त्याच्याबरोबर जाते. त्या पोराच्या घरचं अर्थिंग उत्तम असलं तरी त्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. आणि त्याला हे कुणी सांगितलेलंही नसतं. मला खरा राग याचा येतो. स्वतःच्या जिवाशी खेळा, तुमचा प्रश्न. हा न बघितलेल्या माणसाच्या जिवाशी खेळ आहे.

काही जण म्हणतात, मोबाइलच्या चार्जरला कुठे तिसरी पिन असते? नसते, कारण त्याला दुहेरी इन्शुलेशन असतं. एकात एक चौकोन असं चिन्ह त्यासाठीच छापलेलं असतं. पत्र्याच्या बॉडीचा गिटार ॲम्प त्यात बसत नाही.

खरं तर हे मिरजेच्या परिसरात समजावून सांगावं लागावं याचं नवल वाटतं. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली जीआय मानांकन मिळालं. तिथला कारागीर जवारी बिघडलेल्या तंबोऱ्याचं काय करतो? घोडीखाली चिंधी कोंबून आवाज बंद करत नाही. घासतो, ऐकतो, पुन्हा घासतो. नको असलेला आवाज कुठून येतोय ते शोधतो. ही शिस्त गावात आहे, पिढ्यानपिढ्या आहे. ती लाकडाला लावायची आणि विजेला नाही, असं का?

असो. जुना ॲम्प घ्यायला जाल तेव्हा आवाज ऐकायच्या आधी प्लग बघा. पिन तोडलेली असेल तर विकणाऱ्याला विचारा, आणि नवी थ्रीपिन कॉर्ड घालून, आतली हिरवी वायर बॉडीला पक्की करून मगच वाजवा. अर्थ काढून टाकला की मागे अनर्थच उरतो.