पानिपत झालं... पुढे काय?

गेल्या सेमिस्टरचा रिझल्ट लागला त्या रात्रीची गोष्ट. माझ्या रूममेटने मोबाईल पालथा ठेवला आणि म्हणाला, "माझं पानिपत झालं रे." मी विचारलं, "कितवं?"

मित्रांनो, यात माझा वात्रटपणा नव्हता. मी पडलो कॉन्व्हेंटचा. पानिपतच्या तिन्ही लढाया सनावळीसकट पाठ, पण मराठीत 'पानिपत होणे' म्हणजे धुव्वा उडणे, हे कोणी शिकवलंच नव्हतं. त्याला वायडी लागली होती. मी जोक मारतोय असं वाटून तो कूस बदलून झोपला. मला मात्र झोप लागली नाही.

इंग्रजीत याच अर्थाचा वाक्प्रचार आहे, 'मीट युअर वॉटर्लू'. तो मात्र मला चौथीपासून येत होता! १८ जून १८१५ ला नेपोलियन तिथे हरला. खरं तर लढाई झाली वॉटर्लू गावाच्या दक्षिणेला; पण वेलिंग्टनचा मुक्काम वॉटर्लूत होता आणि विजयाच्या खलित्यावर त्याने तेच नाव घातलं. म्हणून हरणाऱ्यांच्या नशिबी ते गाव कायमचं आलं. हा वेलिंग्टन आपल्या ओळखीचा बरं का! १८०३ मध्ये तो पुण्यात येऊन गेला आणि त्याच वर्षी असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला.

डिक्शनरी म्हणेल, वॉटर्लू म्हणजेच पानिपत. माझं मत वेगळं आहे. नेपोलियन १८१४ मध्ये एकदा पडून पुन्हा उठला होता. पण वॉटर्लूनंतर नाही. चार दिवसांत गादी सोडली, सेंट हेलेना बेटावर रवानगी झाली आणि १८२१ मध्ये तिथेच मेला. विषय संपला.

पानिपतचं तसं झालं नाही. १४ जानेवारी १७६१. विश्वासराव गेले, भाऊसाहेब गेले, हजारो माणसं कापली गेली. इकडे पुण्यात नानासाहेब पेशवे खचले आणि जूनमध्ये गेले. गादीवर आले माधवराव. वय वर्षं सोळा, म्हणजे आपल्या फर्स्ट इयरच्या पोरांपेक्षाही लहान! त्यांनी हिशेब तपासले, कारभाराला शिस्त लावली, १७६३ मध्ये राक्षसभुवनला निजामाला हरवलं. आणि फेब्रुवारी १७७१ मध्ये मराठी फौजांनी दिल्ली घेतली. पानिपतनंतर दहा वर्षांनी! पुढच्याच वर्षी माधवराव क्षयाने गेले, ते आपल्या खराडीहून फार लांब नसलेल्या थेऊरला. गणपतीला जातो आपण, पण ही आठवण कितीजण काढतात?

दिल्ली घेणाऱ्यांत महादजी शिंदे होते. पानिपतातून पळताना त्यांच्या पायावर असा घाव बसला की जन्मभर लंगडत चालावं लागलं. राणेखान नावाच्या एका भिस्त्याने, म्हणजे पाणी वाहणाऱ्या माणसाने, त्यांना बैलावर घालून बाहेर काढलं असं सांगतात. महादजींनी पुढे त्याला भाऊ मानलं.

मला ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. 'पडलास तर उठ' हे सांगायला काय जातं? आपल्या कॉरिडॉरमध्ये दिवसाला दहाजण सांगतात. पण पाय जायबंदी झालेल्याला आधी कोणीतरी उचलावं लागतं. मग तो चालतो. लंगडत का होईना, दिल्लीपर्यंत जातो.

म्हणून रेक्टर सर आणि स्टाफला एक विनंती. वायडी लागली की आपल्याकडे हॉस्टेलची रूम जाते. नियमाचं लॉजिक कळतं, खोल्या कमी आणि पोरं जास्त. पण ज्या वर्षी त्याला जोडीला माणसं हवीत, नेमक्या त्याच वर्षी आपण त्याला कुठल्यातरी कॉट बेसिसवर एकटं धाडतो. सगळ्यांना नाही, पण निदान गावाकडून आलेल्यांना एक वर्ष रूम राहू द्या. मेरिटचा विचार पुढच्या वर्षी करा.

आणि आपण पोरांनी? ओरलला दोन प्रश्न चुकले की 'पानिपत झालं' म्हणून बोंबलणं बंद करू या. खरंच झालं असेल त्याचा आवाज त्या गोंगाटात ऐकू येत नाही.

माझा रूममेट आता एका मित्राकडे नगर रोडला राहतो. रविवारी मी एम-थ्रीच्या नोट्स घेऊन जातो. मॅथ्स माझंही यथातथाच. तोच मला जास्त शिकवतो. परवा निघताना म्हणाला, "काय राणेखान, पुढच्या रविवारी येणार ना?"

येणार म्हणजे काय, येणारच!