दाढेतली चांदी : काढावी की ठेवावी?



गेल्या महिन्यात विहारात वंदना आटोपल्यावर ताडीवाला रोडच्या एका ताईंनी मला गाठले. "दादा, माझ्या तीन दाढांत चांदी भरलीय. शेजारीण म्हणते, त्यात पारा असतो, अंगात विष भिनतं. भिशी उचलून तिन्ही काढून टाकू का?"

मी कारकून माणूस, डॉक्टर नव्हे. पण पैसे ताईंच्या घामाचे, म्हणून चौकशी केली.

शेजारीण खोटे बोलत नाही. या चांदीत सुमारे निम्मा पारा असतो. बाकी चांदी, कथील आणि तांबे. तिच्यातून पाऱ्याची किंचित वाफ निघत राहते. पाऱ्याविषयीच्या मिनामाटा कराराला भारताने २०१८ साली मान्यता दिली. त्या कराराच्या नोव्हेंबर २०२५ च्या जिनिव्हा बैठकीत २०३४ पर्यंत ही चांदी जगभर बंद करण्याचे ठरले.

पण नवी भरू नये म्हणजे जुनी उकरावी, असे नव्हे. कोरताना वाफ एकदम वाढते आणि दाताचा चांगला भागही जातो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० साली हेच सांगितले : शाबूत चांदी उगाच काढू नका. गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या माता, सहा वर्षांखालील मुले आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांना मात्र नवी चांदी शक्यतो भरू नये.

चांदी फुटली, हलू लागली किंवा खाली कीड लागली, तर काढावीच लागते. गरोदरपणात तातडी नसेल तर थांबावे. काढण्यापूर्वी डॉक्टरांना निःसंकोच विचारा : दाताभोवती रबराचा पडदा लावणार ना? भरपूर पाणी आणि जोरात ओढणारी नळी वापरणार ना? भुगा न करता तुकड्यांनी काढणार ना? आणि ते तुकडे मोरीत किंवा केरात न टाकता बंद डब्यात ठेवणार ना? हा शेवटचा प्रश्न विसरू नका. तो केर उचलणारे हात बहुधा आपल्याच माणसांचे असतात.

खर्चाची धास्ती असेल तर दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात जावे. आझम कॅम्पस आणि धनकवडी येथे अशी महाविद्यालये आहेत.

ताईंनी तपासून घेतले. तीनपैकी एकच चांदी फुटलेली निघाली. तेवढीच काढली. भिशीचे उरलेले पैसे लेकीच्या बारावीच्या क्लासला गेले.

ऐकीव गोष्ट तपासल्याशिवाय मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. दाढेच्या बाबतीतही तेच खरे.